राखीपासून मोजलेले दिवस

आमच्या घरात माझी पाळी माझ्यापेक्षा सासूबाईंच्या जास्त लक्षात असायची. त्या पाळत ठेवत होत्या असं नाही. घराची व्यवस्थाच तशी होती. इतवारीत खाली सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान, वर दोन मजले राहायचे आणि सगळ्यात वर गच्चीला लागून एक खोली. पाळी आली की सुनेनं चार दिवस त्या खोलीत राहायचं. स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवघरात नाही. ताट वर यायचं, ते आपलं आपण धुऊन ठेवायचं, आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन खाली उतरायचं. त्यामुळे मी कधी बसले हे सासऱ्यांपासून धुणंवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना कळायचं. शब्द मात्र कोणी उच्चारायचं नाही. "आज सून वर आहे," एवढंच.

मी वाढले खापरखेड्याच्या कॉलनीत. वडील वीज केंद्रात होते, शाळा सिस्टर लोकांची होती. घरी आई 'पिरियड्स' म्हणायची आणि त्याच्या पुढे तीही काही बोलायची नाही. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींना वाटलं, या वर बसण्यावरून मी पहिल्याच महिन्यात भांडेन. मी भांडले नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. आणि खरं सांगायचं तर ते चार दिवस मला वाईट वाटत नसत. नवरा कामासाठी रायपूरला, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. खाली दिवसभर माणसं. वर मी, एक खिडकी, गल्लीतल्या हातगाड्यांचा आवाज आणि मोबाइलवर वाचायला पुस्तकं. खाली एकटं वाटायचं; वर मी नुसती एकटी असायची. हा फरक मी कोणाला समजावून सांगू शकले नसते.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवसांचा पाहुणचार, त्यातला मधला दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळ्या, आणि पंगतीवर पंगत. वर्षभर हळू बोलणाऱ्या सासूबाईंचा आवाज त्या आठवड्यात तीन मजले ऐकू यायचा.

राखीच्या दिवशी मी वर बसलेली होते. भाऊ खापरखेड्याहून आला तेव्हा त्याला पायरीवरूनच भेटले. राखी सासूबाईंनी माझ्या वतीनं त्याच्यापुढे ताटात ठेवली. त्यावरून त्यांनी पुढचा हिशेब केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जेवणाच्या दिवशीच येते पाय तुही. मेडिकलमधून गोळ्या आणजो. पुढं ढकलायच्या. सगळ्याच घेतात."

मेडिकल गल्लीच्या तोंडाशी होतं. त्याचे मालक रोज संध्याकाळी आमच्या दुकानात सासऱ्यांसोबत चहा प्यायचे. मला पाहून ते म्हणाले, "बोला सूनबाई, काय पाहिजे?" मागे दोन गिऱ्हाइकं. मी म्हणाले, "खोकल्याच्या गोळ्या." त्यांनी त्या दिल्या आणि आल्याचा रस घ्यायला सांगितलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "भेटल्या का?"

मी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला जाऊन आणीन असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी पितळी भांडी काढली, तिसऱ्या दिवशी डाळी निवडल्या, आणि मग मला वाटायला लागलं की एखाद वेळी उशिराही येते.

उशिरा आली नाही. जेवणाच्या दिवशी सकाळी, आंघोळ करून सोवळ्याची साडी नेसताना कळलं. न्हाणीघरात उभी राहून मी वाक्य जुळवत होते. इंग्रजीत ते लगेच तयार झालं. मराठीत काय म्हणायचं? 'मी वर जाते' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेच म्हणायचं ठरवून मी बाहेर आले. स्वयंपाकघरात सासूबाई, सासऱ्यांची बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि शेजारच्या दोघी. सासूबाईंनी डाळीचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "पुरण इलेच वाटू दे वं. हिच्या हातचं मऊ होते."

लग्नानंतर त्यांनी माझ्याबद्दल चारचौघांत केलेलं ते पहिलं कौतुक होतं. मी बसले आणि पुरण वाटलं. पोळ्या लाटल्या, भाज्या चिरल्या, नैवेद्याचं ताट वाढलं. देवीला काही होईल अशी भीती मला वाटली नाही. सासूबाईंना कळेल याची वाटली. चार दिवस मी खालीच राहिले. काय कुठे ठेवायचं, कपडे कधी वाळत घालायचे, हे सगळं इतक्या शांतपणे पार पाडलं की माझं मलाच नवल वाटलं.

पुढं काय होईल याचा मात्र विचार केला नव्हता.

गोळी बंद केली की दोन-चार दिवसांत पाळी येते, हे सासूबाईंना माहीत होतं. त्या वाट पाहत होत्या. मी वर गेले नाही. गणपती गेले, पितृपक्ष लागला, तरी मी खालीच. एक दिवस मेथी निवडताना त्यांनी वर न बघता विचारलं, "गोळी सोडली ना तू?"

"हो."

"अन् आली नाही?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या दिवसापुरतं ते खरंच होतं. त्यांनी मेथीची जुडी तशीच खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"महालक्ष्म्यांनी दिलं," त्या म्हणाल्या. "जेवून तृप्त झाल्या त्या. पण आत्ता काही नाही. पितरांचे दिवस आहेत, चांगल्या गोष्टीची चौकशी करू नये. नवरात्रात पाहू."

म्हणजे मी गरोदर नव्हते हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. सकाळी दुधाचा मोठा पेला यायला लागला. पाण्याची कळशी माझ्या हातातून काढून घेतली जायची. सासरे एकदा संत्री घेऊन वर आले आणि ओट्यावर ठेवून गेले. मी दूध प्यायचे, संत्री सोलायचे, आणि पाळी कधी येईल याची वाट पाहायचे. ती आली की मी वर जाईन, आणि सगळं आपोआप संपेल. सासूबाईंना वाईट वाटेल, पण मला काही सांगावं लागणार नाही. इतक्या उत्कंठेनं मी आयुष्यात पाळीची वाट पाहिली नव्हती. नवऱ्याला फोनवर सांगावंसं वाटायचं, पण फोन सासूबाईंच्या शेजारी बसून व्हायचा आणि तो आधीच पेढे कोणते आणू असं विचारत होता.

घट बसले. नऊ दिवस गेले. ती आली नाही. मला वाटलं, काळजीनं चुकली असेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आता आण ते मशीन, लघवीचं." मी सीताबर्डीला गेले. गर्दीच्या मोठ्या दुकानात, काउंटरवर, इंग्रजीत मागितलं. इंग्रजीत बोललं की ते मी बोलत नाही, शाळेत पाठ केलेलं कोणीतरी बोलतं असं वाटतं. मुलानं न बघता कागदी पिशवीत घालून दिलं. येताना ऑटोत मला हलकं वाटत होतं. एक रेघ येईल. ही पट्टी माझ्या वतीनं बोलेल आणि मी मोकळी होईन.

सासूबाई न्हाणीघराच्या दाराला लागून उभ्या होत्या.

"झालं का वं?"

"थांबा, आई."

"किती वेळ लागते?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत तं कुकर होते."

पहिली रेघ आली. मग दुसरी आली. आधी पुसट, मग स्पष्ट. मी सूचनांचा कागद पुन्हा वाचला. पट्टी खिडकीजवळ नेऊन पाहिली. बाहेरून बांगड्या वाजत होत्या.

"काय आलं?"

"दोन."

"दोन म्हणजे?"

"दोन म्हणजे हो."

बाहेर त्यांच्या देवघराकडे पळणाऱ्या पावलांचा आवाज. मी आत तशीच उभी. हे बाळ खरं होतं. ते बहुतेक पितृपक्षात राहिलं होतं, नवरा दोन दिवसांसाठी आला होता तेव्हा. सगळ्या घरानं त्याचं स्वागत आधीच करून टाकलं होतं, आणि ज्या दिवशी ते खरोखर आलं त्या दिवशी त्याचं स्वागत करायला न्हाणीघरात मी एकटी होते.

दवाखाना सेंट्रल अव्हेन्यूच्या बाजूला होता. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, बोलायला थेट. त्यांनी मला विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती? पहिला दिवस सांगा."

सासूबाई म्हणाल्या, "राखीच्या तीन दिवस आधी."

"त्यांना सांगू द्या."

"ती लाजते, डॉक्टर बाई. माह्या घरात बसते ना ती, मले पक्कं माहीत आहे. राखीले तिचा भाऊ आला तं पायरीवर भेटली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत होते. महालक्ष्म्यांचा दिवस त्यात छापलेला होता. बोट ठेवलं असतं तरी झालं असतं. पण बोटाच्या पलीकडे सासूबाईंचा हात होता, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्याची बोटं आनंदानं महिने मोजत होती. मी हात मांडीवरच ठेवला.

डॉक्टरांनी मोबाइलवर तारीख टाकली. "म्हणजे मेच्या शेवटी. तेवीस-चोवीसच्या आसपास धरा."

"नवतप्यात!" सासूबाई हसल्या. "घ्या! अख्खं नागपूर भाजून निघते तेव्हाच याले यायचं. कूलर लागन, दोन लागन."

मग सोनोग्राफी. अंधाऱ्या खोलीत थंड जेल, पडद्यावर राखाडी धूर. डॉक्टरांनी यंत्राचा कोन बदलला, पुन्हा बदलला. मग दिवा लावून आम्हाला बाहेर बसवलं आणि थोड्या वेळानं आत बोलावून सांगितलं, "पिशवी दिसते आहे, पण लहान आहे. तारखेप्रमाणे आता बाळ दिसायला हवं, ठोके दिसायला हवेत. ते नाहीत. तारीख नक्की आहे ना?"

"नक्की," सासूबाई म्हणाल्या.

"मग वाढ थांबलेली असू शकते. मी आज काही ठरवत नाही. बारा-चौदा दिवसांनी पुन्हा बघू. पण मनाची तयारी ठेवा."

तारखेचं महत्त्व मला त्या क्षणी कळलं. तोवर ती माझ्यासाठी लपवायची एक गोष्ट होती, एवढंच. आता कळलं की पडद्यावर जे लहान दिसत होतं ते कदाचित लहानच होतं. महिन्यानं लहान. मेलेलं नाही, नुकतंच आलेलं. पण कदाचित. मी डॉक्टर नव्हते. मी सांगितलं आणि तरीही ठोके नसले, तर? दोन्ही गोष्टी जातील, बाळही आणि घरही. ऑटोत सासूबाईंनी माझा हात हातात धरला होता. तो सोडवून घ्यावा असं मला वाटलं आणि तसंच बसून राहावं असंही वाटलं.

पुढचे दिवस कसे सांगू? घरात सुतकासारखं होतं, आणि सुतक ज्याचं ते माझ्या पोटात होतं. सासरे दुकानातून लवकर वर येत आणि बातम्यांचा आवाज बंद ठेवून टीव्ही पाहत. सासूबाई माझ्या केसांना तेल लावायला बसायच्या. त्यांची बोटं जाड, पितळ घासून खरखरीत झालेली, पण डोक्यावरून हलकी फिरायची.

"माहे बी दोन गेले होते," एकदा त्या मागून म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याच्या आधी. कोणाले सांगितलं नाही तेव्हा. सांगायचं कोणाले?"

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्यासाठी रडणारं माणूस माझ्या पाठीशी होतं, आणि मी आतल्या आत आशा करत होते. दुःखात एकटं असणं मला ठाऊक होतं. आशेत एकटं असणं त्याहून अवघड निघालं. घराला दिसेल अशी ती कुठेच ठेवता येत नव्हती. जेवताना भूक लागायची तर ती लपवावी लागायची. एका सकाळी मळमळ झाली आणि मी नळ सोडून उलटी केली, इतक्या आनंदानं की डोळ्यांत पाणी आलं.

आईला फोन केला नाही. तिनं लगेच सासूबाईंना फोन केला असता. नवरा म्हणाला, "टेन्शन घेऊ नको. होते असं. आपण पुन्हा पाहू." मी म्हणाले, "ऐक ना..." तो म्हणाला, "बोल," आणि मागे कोणीतरी त्याला हाक मारली. "एक मिनिट हं." मी ते मिनिटभर थांबले, मग म्हणाले, "काही नाही. जेवलास का?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आत्याबाई आल्या. त्या गांधीबागेत राहतात, आणि घरात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरतो.

"काहून वं वैनी, अजून तशीच ठेवली का पोरीले? आतमधी खराब होऊन राहिलं असन तं! जहर पसरते अंगात."

"डॉक्टर म्हणे थांबा."

"डॉक्टरले काय? दिवाळी आपल्या घरची आहे ना. माह्या ओळखीची आहे एक बाई, अर्ध्या घंट्यात मोकळी करते. धनतेरसच्या आधी करून टाका. सणासुदीले घरात असं ठेवते का कोणी?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "अन् तू वं? तोंडात काही जीभ आहे का नाही? दुखते का?"

"नाही," मी म्हणाले.

"पाय! दुखत बी नाही. म्हंजे केव्हाचं सुटलं ते."

त्या गेल्यावर सासूबाई गच्चीत जाऊन बसल्या. दिवाळीची घासणी चालू होती. चिंचेच्या पाण्यात समया भिजवलेल्या. मी मागून गेले. मला वाटलं होतं त्या आत्याबाईंचाच विचार करत असतील. त्यांनी समई हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"मीच केलं हे," त्या म्हणाल्या. "मीच तुले गोळ्या खायले लावल्या. पोटात असन ते तेव्हाच, अन् म्या वरून गोळ्या दिल्या. महालक्ष्म्यांच्या नावानं दिल्या." मग म्हणाल्या, "उद्या जाऊन येऊ त्या बाईकडे. तुले किती दिवस असं ठेवू?"

खालून हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत गेला. मी त्यांच्यासमोर बसले. वाक्य जुळवायला वेळ नव्हता, म्हणून ते जसं आलं तसं आलं.

"आई, मी गोळ्या घेतल्याच नाहीत."

त्यांनी वर पाहिलं.

"खोकल्याच्या आणल्या होत्या. मेडिकलवाल्या काकांना सांगायला लाज वाटली."

"मंग?" त्यांच्या भुवया जवळ आल्या. "मंग आली नाही ती?"

"आली."

"कधी?"

"जेवणाच्या दिवशी. सकाळी."

त्यांना समजायला वेळ लागला. त्यांचे डोळे माझ्यावर होते, पण त्या मला पाहत नव्हत्या. त्या तो दिवस पाहत होत्या, एकेक ताट, एकेक पातेलं.

"पुरण तू वाटलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"नैवेद्य तू वाढला."

"हो."

"मुखवट्यांले हार..."

"तो मी घातला नाही. तो आत्याबाईंनी."

याचा त्यांना काही उपयोग झाला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी समई पाण्यात ठेवली आणि घासायला लागल्या. जोरात. चिंचेचा काळा ओघळ मोरीकडे वाहत गेला. मी थांबून राहिले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तं मंग हे राखीचं नाही," समई बाजूला ठेवून त्या म्हणाल्या.

"नाही. बाळ महिन्यानं लहान आहे, आई. म्हणून ठोके दिसले नसतील. मला नक्की माहीत नाही. पण तसं असेल."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "उद्या जाऊ," म्हणाल्या. मी घाबरून पाहिलं तेव्हा पुढे म्हणाल्या, "डॉक्टर बाईकडे. दुसरीकडे नाही."

त्या रात्रीचं जेवण त्यांनी मला वाढलं, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. सकाळी ऑटोतही नाही. आमच्या दोघींच्या मधे पर्स होती.

दवाखान्यात मी बोलणार होते. खरंच बोलणार होते, पण खुर्चीत बसता बसता सासूबाईच म्हणाल्या, "डॉक्टर बाई, तारीख चुकली माह्याकडून. राखीची नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवसाची आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "एका महिन्याचा फरक? मी दोनदा विचारलं होतं. तुम्ही पेशंटला बोलूच दिलं नाही." मग माझ्याकडे, "आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नाही का? मी दुसरं काही ठरवलं असतं तर?"

"तिले काही नका म्हणू," सासूबाई म्हणाल्या. "माह्याच ध्यानात नाही राहिलं."

खोली तीच, जेल तितकंच थंड. या वेळी डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. धुराच्या मधे एक छोटा पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्यात काहीतरी फडफडत होतं. एखादा दिवा लागू की नको करत असावा तसं, पण न थांबता.

"हे बघा. ठोके. महालक्ष्म्यांच्या तारखेला बरोबर बसतं आहे." त्यांनी मोजलं, लिहिलं. "जूनच्या मध्यावर. अठराच्या आसपास. दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना पडदा दिसत होता की नाही माहीत नाही. त्यांनी हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत.

परतताना त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. "घरात काही सांगू नको. डॉक्टरची मशीन चुकली असं मी सांगीन."

"आणि महालक्ष्म्यांचं?"

"त्याइचं मी पाहीन," त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघायला लागल्या.

सासऱ्यांनी बातमी ऐकून दुकानातल्या पोरांसाठी समोसे मागवले. नवऱ्याला फोन केला. तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. "तारीख काय दिली?" त्यानं विचारलं. मी अठरा जून सांगितलं. "पण आधी मे म्हणत होते ना?" "मशीन चुकली होती," मी म्हणाले. तो म्हणाला, "असं होते कधीकधी," आणि मला वाटलं, हा माणूस घरी येईल तेव्हाही मी याला हेच सांगेन. तसंच झालं.

त्या दिवाळीत सासूबाईंनी गोड सोडलं. कोणाला सांगून नाही. फराळाच्या ताटातला चिवडा आणि शेव तेवढी त्या खायच्या. मला ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळलं. प्रसादाचा पेढा त्यांनी कपाळाला लावला आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवला. मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं. "आई, तुम्ही करू नका. करायचंच असेल तर मी करते."

"तू पोटुशी आहे," त्या म्हणाल्या. "तू खा." आणि करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला. बोलण्यात राग नव्हता, माया होती असंही नाही. एखादं काम वाटून घ्यावं तसं त्या बोलल्या. माझा असल्या प्रायश्चित्तावर विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती दुसरं कोणी आपल्यासाठी करत असेल, तर तिला काय म्हणायचं हे मला कोणत्याच भाषेत सुचलं नाही.

भाऊबीजेला आत्याबाई सासऱ्यांना ओवाळायला आल्या. जेवणं झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत बसलो. त्या डॉक्टरांना नावं ठेवत होत्या. "मी म्हटलंच होतं, आजकालच्या मशिनींचा काही भरोसा नाही. बरं झालं घाई नाही केली." घाई करा म्हणणाऱ्या त्याच होत्या हे कोणाच्या तोंडून निघालं नाही. मग त्यांनी ताट सासूबाईंपुढे केलं. "घे वं वैनी, अनारसा. माह्या हातचा आहे."

"नको."

"काहून? तुले तं लई आवडते."

"शुगर वाढली."

"शुगर? तुले? कधीपासून?" आत्याबाईंनी ताट तसंच धरून ठेवलं. "कोणत्या डॉक्टरले दाखवलं? मले काही बोलली नाही तू. शुगर नाही, काही नाही. उपास-बिपास धरून राहिली काय? कशाचा वं?"

डॉक्टरांपुढे सासूबाईंनी माझ्यासाठी इतकं सरळ खोटं सांगितलं होतं, पण स्वतःसाठी त्यांना दुसरं वाक्य सापडेना. सासरेही त्यांच्याकडे बघायला लागले.

"दिवाळीच्या आधीच दाखवलं, आत्याबाई," मी म्हणाले. "माझ्या सोनोग्राफीच्या वेळी. त्यांचंही रक्त तपासलं. थोडी जास्त निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत मी इतकं लांब बोलल्याचं कोणालाच आठवत नसावं.

"किती दिवस बंद?" आत्याबाईंनी विचारलं.

"जूनपर्यंत तरी," मी म्हणाले.

आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं. सासूबाई उठल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.